फुकटचं वाय-फाय: नेमकं कशाला जपायचं?

‘सार्वजनिक वाय-फायवर बँकेचं काम करू नका, पासवर्ड टाकू नका, शक्यतो ते वापरूच नका,’ हा सल्ला आपण गेली पंधरा वर्षं ऐकत आलो आहोत. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, आणि एके काळी तो शब्दशः खराही होता. पण आज त्याचा परिणाम काय होतो ते पाहिलं पाहिजे. काही जण त्याने इतके धास्तावतात की रुग्णालयात किंवा विमानतळावर खरी निकड असतानाही हाताशी असलेली सोय वापरत नाहीत. उरलेले बहुतेक जण ती रोज वापरतात, काही बिघडत नाही असा अनुभव घेतात आणि पुढे सगळाच सल्ला झटकून टाकतात. धोका कुठे आहे हे दोघांनाही कळलेलं नसतं. या लेखाचं म्हणणं असं आहे की सार्वजनिक वाय-फायवरचा धोका संपलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. पूर्वी आपली माहिती वाटेत चोरली जायची. आता ती बहुतांशी आपल्याच हातून काढून घेतली जाते. समोर उघडलेलं पान आपल्याकडे काहीतरी मागतं आणि आपण ते देतो. म्हणून जपायचं असेल तर ती मागणी ओळखायला शिकलं पाहिजे. ते कोणालाही जमण्यासारखं आहे आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

महाराष्ट्रात ही सोय सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती मुख्यतः रेल्वे स्थानकांमुळे. जानेवारी २०१६मध्ये गुगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांनी मिळून मुंबई सेंट्रलला मोफत वाय-फाय सुरू केलं. जून २०१८पर्यंत देशातली ४०० स्थानकं त्या योजनेत आली. भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचं कारण देत २०२०मध्ये गुगलने त्यातून अंग काढून घेतलं. रेलटेलने मात्र ‘रेलवायर’ या नावाने सेवा चालू ठेवली आणि ती सहा हजारांहून अधिक स्थानकांवर नेली. डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. तिच्यामुळे एखादा किराणा दुकानदार किंवा चहाच्या टपरीचा मालकही परवान्याशिवाय आपल्या गिऱ्हाइकांना वाय-फाय पुरवू शकतो. याशिवाय उपाहारगृहं, लॉज, महाविद्यालयं, अभ्यासिका, रुग्णालयं आहेतच. तेव्हा ‘वापरूच नका’ हे सांगणं वास्तवाला धरून नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिवसभर व्हिडिओ पाहणारा विद्यार्थी, रुग्णालयाच्या तळघरात मोबाइलची रेंज नसताना विम्याची कागदपत्रं पाठवणारा नातेवाईक, दुबई किंवा फ्रँकफर्टच्या विमानतळावर महागडं रोमिंग टाळून घरी निरोप देऊ पाहणारा प्रवासी, या सगळ्यांना ते लागतंच. त्यांना वापरायचं कसं हे सांगायला हवं.

जुनी भीती खोटी नव्हती. पासवर्ड नसलेल्या उघड्या वाय-फायवर फोन आणि राउटर यांच्यातला संवाद रेडिओलहरींवर चालतो आणि त्या टप्प्यातलं कोणतंही यंत्र तो टिपू शकतं. पूर्वी बहुतेक संकेतस्थळं फक्त लॉगिनच्या क्षणी माहिती कूटबद्ध करायची आणि त्यानंतरची सगळी देवाणघेवाण उघडी ठेवायची. लॉगिन झाल्यावर संकेतस्थळ आपल्या ब्राउझरला एक छोटी ओळखखूण देतं, तिला कुकी म्हणतात. ती कुकी ज्याच्या हाती लागेल त्याला आपला पासवर्ड माहीत नसतानाही आपल्या नावाने वावरता यायचं. ऑक्टोबर २०१०मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाचं फायरफॉक्सचं जोडउपकरण खुलं केलं आणि हे किती सोपं आहे ते जगाला दाखवलं. एका बटणावर त्याच कॅफेत बसलेल्या इतरांची फेसबुक किंवा ट्विटरची खाती पडद्यावर हजर व्हायची. ती खाती उघडायला तांत्रिक ज्ञानाची गरज उरली नव्हती. आज फिरत असलेल्या बहुतेक सूचनांचं मूळ त्या काळात आहे, आणि त्या काळासाठी त्या अगदी योग्य होत्या.

त्यानंतरच्या दशकात इंटरनेटने आपली ही मोठी चूक सुधारली. जीमेलने जानेवारी २०१०मध्येच सगळा वापर आपोआप कूटबद्ध केला होता. फायरशीपच्या धक्क्यानंतर मोठी समाजमाध्यमंही त्याच वाटेने गेली. डिसेंबर २०१५मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि कूटबद्धतेसाठी लागणारं प्रमाणपत्र छोट्यातल्या छोट्या संकेतस्थळाला फुकट मिळू लागलं. जुलै २०१८पासून क्रोम ब्राउझर कूटबद्ध नसलेल्या प्रत्येक पानावर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला. आज क्रोममध्ये उघडल्या जाणाऱ्या दर दहा पानांपैकी नऊहून अधिक पानं एचटीटीपीएस पद्धतीने, म्हणजे कूटबद्ध होऊन येतात. पोस्टकार्डाच्या जागी बंद पाकीट आलं असं समजा. वाटेतल्या माणसाला पाकीट कोणाच्या पत्त्यावर निघालं ते बहुधा दिसतं, पण आतला मजकूर वाचता येत नाही. तुम्ही कोणत्या बँकेचं संकेतस्थळ उघडलं हे वाय-फाय पुरवणाऱ्याला कळू शकेल; खात्यात किती रक्कम आहे आणि पासवर्ड काय आहे हे कळणार नाही. अमेरिकेतल्या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने आपला जुना इशारा बदलून २०२३मध्ये स्पष्टच लिहिलं की कूटबद्धता सर्वत्र झाल्यामुळे सार्वजनिक वाय-फाय वापरणं आता सहसा सुरक्षित असतं.

मग चिंता संपली का? ‘सहसा’ या शब्दाला इथे वजन आहे. पाकीट फोडता येत नाही म्हटल्यावर चोराने दुसरा मार्ग धरला: पत्र लिहिणाऱ्यालाच फसवून चुकीच्या पत्त्यावर लिहायला लावायचं. २०२४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय पोलिसांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका माणसावर गुन्हा दाखल केला. तो हातात मावणारं वाय-फाय यंत्र घेऊन पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेड इथल्या विमानतळांवर, इतकंच काय देशांतर्गत विमानांतही जायचा आणि खऱ्या नेटवर्कच्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करायचा. त्याला जोडल्या गेलेल्या प्रवाशासमोर एक पान उघडायचं आणि ईमेल किंवा समाजमाध्यमाच्या खात्याने लॉगिन करा असं सांगायचं. विमानातलं अनोळखी नेटवर्क कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्याचं बिंग फुटलं. या माणसाने कूटबद्धता मोडली नव्हती. त्याने फक्त पासवर्ड मागितला आणि लोकांनी तो दिला.

आणखी दोन घटना याच दिशेने बोट दाखवतात. नोव्हेंबर २०१४मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘डार्कहॉटेल’ नावाने ओळखल्या गेलेल्या एका टोळीची माहिती उघड केली. आशियातल्या महागड्या हॉटेलांत उतरणारे कंपन्यांचे बडे अधिकारी हे तिचं लक्ष्य होतं. पाहुण्याने खोलीचा क्रमांक आणि आडनाव टाकून हॉटेलच्या खऱ्याखुऱ्या वाय-फायवर लॉगिन केलं की एखाद्या ओळखीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, ती उतरवून घ्या, असा संदेश यायचा. उतरवून घेतलेली वस्तू हेरगिरीची असायची. दुसरी घटना सप्टेंबर २०२४मधली, ब्रिटनमधली. लंडन, मँचेस्टर अशा शहरांतल्या १९ रेल्वे स्थानकांच्या अधिकृत वाय-फायचं स्वागताचं पान कोणीतरी बदललं आणि प्रवाशांना तिथे द्वेष पसरवणारा मजकूर दिसू लागला. या प्रकरणी वाय-फायसाठी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला अटक झाली. म्हणजे पहिल्या उदाहरणात नेटवर्क खोटं होतं, उरलेल्या दोहोंत ते खरं होतं. तिन्ही ठिकाणी हत्यार एकच: जोडलं गेल्याबरोबर समोर येणारं पान. म्हणून ‘हे नेटवर्क खरं की खोटं’ एवढ्याच प्रश्नावर थांबून चालत नाही. ‘हे पान माझ्याकडे काय मागतंय’ हा प्रश्न दोन्ही वेळी कामी येतो.

या प्रश्नाचं उत्तर देताना भारतातली एक विशेष गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आपल्याकडे वाय-फायसाठी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागितला जातो, त्यामागे कारण आहे आणि त्या कारणाचा संबंध थेट मुंबई परिसराशी आहे. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या सुमारास प्रसारमाध्यमांना पाठवलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घराच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचं तपासात दिसलं. त्यानंतरच्या ईमेलांचा माग माटुंग्याच्या एका महाविद्यालयापर्यंत आणि चेंबूरच्या एका कंपनीपर्यंत पोचला. वाय-फाय भलत्याच लोकांचं होतं, त्याचा उपयोग अतिरेक्यांनी केला होता. त्यामुळे फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला की सार्वजनिक ठिकाणचं वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घेतली पाहिजे, एकतर मोबाइलवर पाठवलेल्या सांकेतिक क्रमांकाने किंवा छायाचित्र असलेल्या ओळखपत्राने. तेव्हा रेल्वे स्थानकावर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारं पान दिसलं तर बिचकण्याचं कारण नाही. ती मागणी रास्त आहे.

रास्त मागणीची हद्द मात्र तिथेच संपते. वाय-फाय देण्यासाठी कोणालाही तुमच्या जीमेलचा किंवा फेसबुकचा पासवर्ड लागत नाही. आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख, डेबिट कार्डाचा क्रमांक, यूपीआय पिन यांतलं काहीही फुकटच्या वाय-फायला लागत नाही. एखादं ॲप बाहेरच्या दुव्यावरून उतरवून घेणं, फोनमध्ये ‘प्रमाणपत्र’ किंवा ‘प्रोफाइल’ बसवणं, ब्राउझरची नवी आवृत्ती त्याच पानावरून घेणं, यांचीही गरज नसते. प्रमाणपत्र बसवण्याची मागणी तर सर्वांत घातक, कारण ते एकदा बसलं की तुमची कूटबद्ध माहिती वाटेत उघडण्याची वाट मोकळी होऊ शकते. यांपैकी एक जरी मागणी दिसली तरी पान बंद करा, वाय-फाय तोडा आणि त्या नेटवर्कला फोनमधून काढून टाका. ‘गुगलने लॉगिन करा’ आणि ‘मोबाइल क्रमांकाने लॉगिन करा’ असे दोन पर्याय असतील तर दुसरा निवडा. ईमेल पत्ता द्यावाच लागत असेल तर देता येईल, पण त्याच्यासोबत पासवर्ड कधीही नाही.

ओटीपीच्या बाबतीतही एक सवय लावून घ्यायला हवी: आकडा टाकण्याआधी आलेला संदेश पूर्ण वाचायचा. खोटं पान तुमचा मोबाइल क्रमांक घेऊन त्याच क्षणी दुसरीकडे तुमच्या नावाने व्हॉट्सॲप सुरू करण्याचा किंवा एखाद्या खात्याचा पासवर्ड बदलण्याचा प्रयत्न करू शकतं. मग तुमच्या फोनवर आलेला सहा आकडी क्रमांक वाय-फायचा नसून व्हॉट्सॲपचा किंवा बँकेचा असतो, आणि घाईत आपण तो ‘वाय-फायचा ओटीपी’ म्हणून टाकून मोकळे होतो. संदेशात पाठवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचायला चार-पाच सेकंद लागतात. गाडी पकडायची घाई असताना ही सेकंदंच जड वाटतात, म्हणून ही सवय निवांत वेळी, घरी लावून घेतलेली बरी.

आता जोडणीच्या आधीची काळजी. नेटवर्कच्या यादीत दिसणारं नाव हा कसलाही पुरावा नसतो; कोणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला हवं ते नाव देऊ शकतं. म्हणून उपाहारगृहात किंवा लॉजमध्ये नेटवर्कचं अचूक नाव गल्ल्यावर विचारून घ्या. एकसारखी दोन नावं दिसली तर दोन्ही सोडा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन उघड्या नेटवर्कला आपोआप जोडलं जाण्याची सोय बंद करा आणि काम झाल्यावर ते नेटवर्क ‘विसरा’ असं फोनला सांगा. यामागचं कारण असं की फोन एकदा वापरलेल्या नेटवर्कचं नाव लक्षात ठेवतो आणि तेच नाव पुन्हा दिसलं की तुम्हाला न विचारता जोडला जातो. फोनची ही सवय ऑस्ट्रेलियातल्यासारखी फसवणूक करणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. लॅपटॉप असेल तर विंडोज विचारतं तेव्हा ‘सार्वजनिक’ हा पर्याय निवडा, म्हणजे तुमच्या फायली आजूबाजूच्या यंत्रांना दिसत नाहीत. एअरड्रॉप, क्विक शेअर यांसारख्या सोयी फक्त ओळखीच्या लोकांपुरत्या ठेवा.

जोडणी झाल्यावर दोन गोष्टींवर लक्ष ठेवायचं. पहिली म्हणजे ब्राउझरचा इशारा. ‘ही जोडणी खासगी नाही’ अशा अर्थाचं पान दिसलं की अनेक जण खालचा ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय शोधतात. संपूर्ण संरक्षण ज्या कूटबद्धतेवर उभं आहे, ती आपण त्या एका स्पर्शाने स्वतःच्या हाताने बाजूला सारतो. इशारा आला की मागे फिरायचं. कधीकधी वाय-फायचं लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच एखादं संकेतस्थळ उघडलं तरी असा इशारा येतो, कारण खरं नेटवर्कही तोवर आपल्याला आपल्या लॉगिनच्या पानाकडे वळवत असतं. अशा वेळी इशारा ओलांडू नका. फोनच्या सूचनांमध्ये ‘नेटवर्कमध्ये साइन इन करा’ असं आलेलं असतं, तिथून आधी लॉगिन पुरं करा. त्यानंतरही इशारा कायम राहिला तर ते नेटवर्क सोडलेलंच बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्ता. पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप दिसलं की संकेतस्थळ विश्वासू, असा समज घट्ट बसला आहे आणि तो चुकीचा आहे. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचं आणि त्या संकेतस्थळाचं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. समोरचा प्रामाणिक आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही; फुकटचं प्रमाणपत्र भामट्यालाही मिळतं. याच गैरसमजामुळे क्रोमने सप्टेंबर २०२३मध्ये कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. त्याऐवजी पत्त्याचं शेपूट वाचायला शिका. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाकडे हलवायला सांगितलं, आणि हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. त्यामुळे तुमच्या बँकेचं म्हणून उघडलेलं पान असा शेवट दाखवत नसेल तर तिथे काहीही टाकू नका. त्याहून सोपं म्हणजे बँकेचं काम ब्राउझरमध्ये न करता अधिकृत ॲप स्टोअरमधून घेतलेल्या बँकेच्या ॲपमध्ये करणं. तिथे चुकीच्या पत्त्यावर जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

इथे जाणकार वाचक विचारतील: एवढा खटाटोप कशाला, व्हीपीएन घेतलं की झालं. व्हीपीएन उपयोगी आहे, पण ते काय करतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. ते तुमची सगळी वाहतूक कूटबद्ध करून आपल्या सर्व्हरमार्गे नेतं; त्यामुळे वाय-फायवाल्याला तुम्ही कुठे गेलात तेही दिसत नाही. आता ते सगळं व्हीपीएन कंपनीला दिसतं. म्हणजे विश्वासाची जागा बदलली, गरज संपली नाही. २०१६मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या आणि काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली, तेव्हा ३८ टक्के ॲपमध्ये घातक प्रोग्रामच्या खुणा आढळल्या आणि १८ टक्के ॲप माहिती कूटबद्ध करतच नव्हती. फुकटचं वाय-फाय सुरक्षित करण्यासाठी फुकटचं अनोळखी व्हीपीएन घेणं हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरू शकतो. शिवाय खोट्या पानावर तुम्ही स्वतः टाकलेला पासवर्ड व्हीपीएन वाचवू शकत नाही. तो कूटबद्ध होऊन, सुखरूप, भामट्यापर्यंतच पोचतो. कार्यालयाने दिलेलं व्हीपीएन असेल तर कार्यालयाच्या कामासाठी ते जरूर वापरा. पत्रकार, वकील, कार्यकर्ते अशा ज्यांना आपण कोणती संकेतस्थळं पाहतो हेही झाकायचं आहे, त्यांनी नामांकित कंपनीचं, पैसे मोजून घ्यावं. बाकीच्यांसाठी मागणी ओळखण्याची सवय अधिक मोलाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: मोबाइल डेटा इतका स्वस्त झालाय, मग वाय-फायच्या वाटेला जायचंच कशाला? यातला अर्धा भाग मी बिनशर्त मान्य करतो. पैशांचं काम असेल आणि रेंज असेल तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर या. लॅपटॉपवर करायचं असेल तर आपल्याच फोनचा हॉटस्पॉट लावा. अनोळखी पान मधे येण्याचा प्रश्नच मिटतो. पण ज्यांचा डेटा संपलाय, ज्या इमारतीत रेंज नाही, जे परदेशातल्या विमानतळावर अडकलेत, त्यांना हे उत्तर पुरत नाही. आणि मोबाइल डेटावरही तोच भामटा वेगळ्या दाराने येतो. वाहतुकीच्या दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, वीज तोडण्याची धमकी देणारा संदेश, या सगळ्यांचा घाट वाय-फायच्या खोट्या पानासारखाच आहे: घाई लावायची आणि काहीतरी मागायचं. त्यामुळे एकाच जागी शिकलेली सावधगिरी सगळीकडे उपयोगी पडते.

‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?’ हा तिसरा आक्षेप विशेषतः विद्यार्थ्यांकडून येतो. खात्यात चार पैसे नसतील, पण ईमेल असतो, आणि बाकीच्या बहुतेक सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्या ईमेलमधूनच बदलता येतात. व्हॉट्सॲप हाती लागलं तर तुमच्या नावाने तुमच्या आत्या-मामांकडे पैसे मागितले जातात, आणि ते तुमच्या भरवशावर देतात. म्हणून ईमेल आणि व्हॉट्सॲप या दोन खात्यांना आजच द्विस्तरीय पडताळणी लावा. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा. जिथे ‘पासकी’ची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने लॉगिन करण्याची, सोय आहे तिथे ती घ्या. पासकी खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही; माणसाचा डोळा फसला तरी ती फसत नाही. फोन आणि ॲप अद्ययावत ठेवा, पण ते नेहमी सेटिंगमधून किंवा ॲप स्टोअरमधून, मधेच उगवलेल्या पानावरून कधीच नाही. २०१७मध्ये बेल्जियममधल्या संशोधकाने वाय-फायच्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीतला ‘क्रॅक’ नावाचा दोष दाखवला, तेव्हा अद्ययावत केलेल्या यंत्रांचा धोका टळला आणि न केलेली उघडी राहिली.

जबाबदारी फक्त वापरणाऱ्याची नाही. ज्यांचं उपाहारगृह, अभ्यासिका किंवा लॉज आहे, त्यांनी नेटवर्कचं अचूक नाव भिंतीवर ठळक लिहावं आणि ‘आम्ही फक्त मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागतो’ हेही खाली लिहावं. एवढ्या एका पाटीने खोट्या पानाची निम्मी ताकद जाते. गिऱ्हाइकांचं नेटवर्क आणि आपलं बिलिंगचं नेटवर्क वेगळं ठेवावं, राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड बदलावा आणि नेटवर्क उघडं न ठेवता त्याला पासवर्ड लावावा. २००८मध्ये ज्यांच्या वाय-फायचा गैरवापर झाला, त्यांच्या दारात तपासयंत्रणा पोचली होती. उघडं वाय-फाय ठेवण्याची जोखीम मालकालाही असते.

एवढं करूनही चूक झालीच, तर लाजेपायी गप्प बसू नका. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल तर नुकसान त्याच्या माथी येत नाही. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा पासवर्ड दिलेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणजे दोन्ही परिस्थितींत लवकर बोलणाऱ्याचाच फायदा आहे. पासवर्ड दिला गेला असेल तर दुसऱ्या जोडणीवरून तो बदला आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. एखादं ॲप किंवा प्रोफाइल बसवलं असेल तर ते काढा. नीट निघत नसेल तर माहितीची प्रत घेऊन फोन मूळ स्थितीत आणा.

घरात हे सगळ्यांना एकदा सांगायला हवं, विशेषतः नुकतेच स्मार्टफोन वापरू लागलेल्या ज्येष्ठांना आणि शिक्षणासाठी बाहेरगावी निघालेल्या मुलांना. त्यांना तांत्रिक शब्दांची यादी देण्यात अर्थ नाही, आणि ‘वाय-फायला हात लावू नकोस’ असा धाक घालण्यातही नाही. त्यांना तीन गोष्टी पाठ असल्या तरी पुष्कळ झालं: वाय-फायसाठी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी यापलीकडे काही द्यायचं नाही, ओटीपीचा संदेश पूर्ण वाचल्याशिवाय आकडा टाकायचा नाही, आणि ब्राउझरने धोक्याचा इशारा दिला की मागे फिरायचं. ज्याला या तीन गोष्टी जमतात, त्याने स्थानकावरचं वाय-फाय निर्धास्तपणे वापरावं. ही सोय लोकांसाठीच उभारली आहे, आणि ती भीतीपोटी सोडून देण्यापेक्षा जाणून वापरणं अधिक शहाणपणाचं आहे.